मोशन सेन्सरचा स्प्रिंकलर: मांजरांवर जबरदस्त, उंदरांवर शून्य

ज्यांच्या वाफ्यात मांजरं येऊन उकरतात आणि घाण करून जातात त्यांच्यासाठी हे लिहितेय. हे यंत्र घ्यायच्या आधी मी जेवढे रिव्ह्यू वाचले त्यात एकतर 'बेस्ट प्रॉडक्ट' नाहीतर 'पैसे वाया' एवढंच होतं, कुठल्या प्राण्यावर चालतं, कुठे लावलं तर चालतं आणि कशावर अजिबात चालत नाही हे कोणी धड सांगतच नव्हतं. आता उन्हाळा, पावसाळा, थंडी सगळं वापरून झालंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते. 5 पैकी 4 स्टार. कापलेला एक स्टार नळीच्या जोडासाठी आहे, ते पुढे येईलच.

वस्तू साधी आहे. जमिनीत खुपसायचा खुंटा, त्याच्यावर नेहमीसारखा फिरणारा स्प्रिंकलर, खाली सेन्सरचा डोळा आणि बॅटरीचा डबा. मागून पाण्याची नळी जोडायची आणि नळ चालूच ठेवायचा. समोरून गरम अंगाचं काही हललं की आतला व्हॉल्व्ह टक् करून उघडतो, काही सेकंद जोरात फवारा इकडून तिकडे फिरतो आणि बंद. मग थोडं थांबून परत तयार. ब्रँडचं नाव देत नाही कारण याच घाटाची यंत्रं वेगवेगळ्या नावांनी विकतात आणि आतलं काम जवळपास सगळ्यांचं सारखंच आहे, त्यामुळे मी जे सांगतेय ते तुमच्या हातात येईल त्यालाही बहुतेक लागू पडेल.

आधी मांजरांचं सांगते, कारण मुळात घेतलं त्यांच्यासाठीच. नुकतं खणलेलं भुसभुशीत कोरडं वाफं दिसलं की मांजराला ती तयार जागाच वाटते, बी पेरलं रे पेरलं की दुसऱ्या दिवशी सगळं उकरलेलं. रोपं गेल्याचं वाईट वाटतंच पण माझी खरी काळजी वेगळी होती. मांजराच्या विष्ठेतून टोक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी येऊ शकतो, विष्ठा पडल्यावर साधारण 1 ते 5 दिवसांत तो संसर्ग करण्याइतका तयार होतो आणि ओलसर मातीत तो वर्षभर किंवा त्याहून जास्तही टिकू शकतो. गरोदर बाई घरात असेल किंवा कोणाची प्रतिकारशक्ती कमी असेल तर हा विषय गंभीर आहे. आपण त्याच मातीतली पालेभाजी कच्ची खातो, मुलं त्याच मातीत हात घालतात. म्हणून यंत्र लावलं तरी मातीत काम करताना ग्लोव्ह्ज घालायचे आणि भाजी नीट धुवायची हे सोडायचं नाही. आणि मांजरावर राग धरायचा नाही हेही मनापासून सांगते, ते बिचारं त्याच्या स्वभावाप्रमाणे वागतंय, त्याला इजा न करता फक्त दुसरीकडे वळवायचंय. मला हे यंत्र आवडलं ते याच कारणासाठी, की अंगावर पाणी उडण्यापलीकडे प्राण्याला काहीही होत नाही.

आता चालतं का? मांजरांवर हो, आणि चांगलंच चालतं. नुसत्या पाण्याला ती घाबरतात असं नाही, व्हॉल्व्हचा अचानक आवाज, समोर काहीतरी हलणं आणि अंगावर फवारा हे तिन्ही एकदम येतं त्याने ती दचकतात आणि धूम ठोकतात. पहिल्या काही रात्री फवारा बऱ्याचदा सुटला, नंतर कमी कमी होत गेला आणि आता वाफ्याच्या जवळ फारसं कोणी येत नाही. पण एक आहे, मांजर हुशार असतं. सेन्सरची हद्द कुठे संपते ते त्याला कळतं आणि मग ते बरोबर त्या हद्दीबाहेरून, भिंतीच्या कडेकडेने जातं. म्हणून दर थोड्या दिवसांनी यंत्राची जागा हातभर तरी बदलायची. बुजगावणं असो, प्लॅस्टिकचं घुबड असो की चमकणाऱ्या सीडी असोत, प्राणी निर्ढावतो तो रोज तेच त्याच जागी दिसतं म्हणून. इथे निदान खरंच पाणी अंगावर येतं, त्यामुळे निर्ढावायला वेळ लागतो, पण जागा न बदलता महिनोन्महिने ठेवलं तर इथेही तेच होणार.

जागा कशी निवडायची हा भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे. माझ्या मते 'चालत नाही' असं लिहिणाऱ्या अनेकांची अडचण इथेच असणार, आणि कंपनीच्या माहितीपत्रकात याबद्दल एक ओळही नाही. आतला सेन्सर पीआयआर प्रकारचा असतो, म्हणजे तो स्वतः काही किरण सोडत नाही, समोरच्या वस्तूंमधून येणाऱ्या उष्णतेत, म्हणजे इन्फ्रारेडमध्ये झालेला बदल तेवढा ओळखतो. त्याच्यापुढे जी खडबडीत पांढरट प्लॅस्टिकची काच असते ती फ्रेस्नेल लेन्स, ती समोरची जागा उभ्या पट्ट्यापट्ट्यांमध्ये वाटते. प्राणी एका पट्टीतून दुसऱ्या पट्टीत गेला की सेन्सरला कळतं. त्यामुळे प्राणी सेन्सरच्या समोरून आडवा गेला तर लगेच पकडतो, पण नाकासमोर सरळ चालत त्याच्याकडेच आला तर तो एकाच पट्टीत राहतो आणि बराच जवळ येईपर्यंत पत्ताच लागत नाही. हे एकदा कळलं की यंत्र कुठे लावायचं ते आपोआप सुचतं: मांजर ज्या वाटेने येतं त्या वाटेच्या तोंडावर नाही, तर बाजूला, वाट समोरून आडवी जाईल असं. मी आता कोपऱ्यात लावलंय, पाठ भिंतीकडे आणि तोंड वाफ्याकडे तिरकं, म्हणजे भिंतीवरून उडी मारून येणारं आणि गेटखालून येणारं दोघंही आडवे पकडले जातात. उंचीही बघा. मांजरासाठी सेन्सर जमिनीपासून फार वर नको, खुंटा जरा खोल खुपसा आणि डोळा किंचित खाली झुकवा, नाहीतर मांजर खालून निघून जातं आणि उभा माणूस तेवढा भिजतो.

बॉक्सवर 10 मीटर रेंज लिहिलीय. मोठ्या कुत्र्यासाठी किंवा माणसासाठी असेल कदाचित तेवढी, मांजरासाठी मी निम्मीच धरते. आणि कडक उन्हाच्या दुपारी तीही कमी होते, कारण तेव्हा तापलेली फरशी आणि प्राण्याचं अंग यांच्या तापमानात फरकच उरत नाही, मग सेन्सरला वेगळं काय दिसणार. संध्याकाळ, रात्र आणि पहाट या वेळेला कमाल काम करतं, आणि मांजरांची वर्दळही त्याच वेळेला जास्त असते म्हणून चालून जातं. उलटा त्रासही उन्हातच, वाऱ्याने मोठी तापलेली पानं हलली की उगाच फवारा सुटतो. केळीसारखी रुंद पानं समोर येऊ देऊ नका. सेन्सिटिव्हिटीचं बटण आहे, दिवसा कमी आणि रात्री जास्त ठेवा, किंवा सरळ फक्त रात्रीचा मोड लावा. पाणीही वाचतं आणि कुरिअरवालाही भिजत नाही. ज्यांच्या घरी मुलं आहेत त्यांची मुलं मात्र मुद्दाम समोरून पळणार हे धरून चाला, आणि बॅटरी त्या हिशोबाने संपणार हेही.

पाण्याबद्दल खूपजण विचारतात. एका फवाऱ्याला फार पाणी जात नाही, मी बादली धरून बघितलं तर जेमतेम तळ झाकला. रात्री काही वेळा सुटला तरी झाडांना एक हलका शिडकावा झाला असं समजा. खरा प्रश्न पाणी किती जातं हा नाही, प्रेशरचा आहे. हे यंत्र नळाच्या चांगल्या दाबावर चालतं. नुसत्या थोड्या उंचीवरच्या टाकीतून पाणी येत असेल तर फवारा समोर दोन पावलांवर पडतो आणि स्प्रिंकलर फिरतही नाही. घ्यायच्या आधी साधी नळी लावून, तोंडावर अंगठा दाबून बघा किती लांब पाणी उडतं, तेवढ्यावरून कळेल घ्यायचं की नाही. प्रेशर नसेल तर प्लीज घेऊ नका, मग कितीही महागाचं आणलं तरी निराशाच होईल.

आणि आता कापलेला स्टार. नळ सतत चालू असल्यामुळे नळीत चोवीस तास दाब असतो. साधी पातळ नळी उन्हात मऊ पडते, फुगते आणि एक दिवस जोडातून सटकते. माझ्या यंत्राचा खालचा प्लॅस्टिकचा जोड सुरुवातीपासूनच थेंब थेंब गळत होता, टेफलॉन टेप गुंडाळली, वॉशर बदलला तेव्हा थांबला. मालाबरोबर आलेला वॉशर इतका पातळ होता की तो कोणी तपासून घातला असेल असं वाटत नाही. कस्टमर केअरला फोटो पाठवले, त्यांनी दोनदा तेच ते प्रश्न विचारले आणि मग उत्तर येणं बंद झालं. म्हणून सांगते, आत धाग्याची जाळी असलेली जाड नळी घ्या, जोडावर स्टीलचा क्लिप आवळा आणि घराबाहेर बरेच दिवस जाणार असाल तर नळ बंद करून जा. नळी सटकली आणि घरी कोणी नसेल तर सगळं पाणी वाहून जाईल. पाणी जड असेल तर आतली बारीक जाळी क्षाराने बुजते, फवारा बारीक झाला की तीच काढून व्हिनेगरमध्ये भिजत घालायची, ब्रश मारायचा, परत लावायची. पाणी गोठेल इतकी थंडी जिथे पडते तिथे हिवाळ्यात पाणी काढून यंत्र आत ठेवायलाच हवं, नाहीतर आतला व्हॉल्व्ह तडकतो.

बाकीच्या प्राण्यांचं बघू. कुत्र्यांवर चालतं, पण कुत्र्या-कुत्र्यात फरक आहे, काहींना पाणी एवढं आवडतं की ती मुद्दाम परत येतात, त्याला इलाज नाही. खारींवर अर्धवट. जमिनीवरून धावल्या तर पळतात, पण त्या येतात फांदीवरून नाहीतर तारेवरून, आणि तिथे सेन्सर बघतच नाही. कबुतरं वाफ्यात उतरून दाणे टिपत असतील तर उडतात, फळझाडावर बसलेल्या पक्ष्यांना मात्र काही फरक पडत नाही. साप, सरडे यांच्यासाठी कोणी घेत असेल तर अजिबात नको, त्यांचं अंग आजूबाजूच्या जमिनीइतकंच गार-गरम असतं, पीआयआरला ते जवळपास दिसतच नाहीत. माकडांबद्दल विचाराल तर ती वरून येतात, घोळक्याने येतात आणि त्यांना यंत्र उपटून फेकता येतं, त्यांच्यासाठी म्हणून हे घेऊ नका.

उंदीर आणि घुशी. इथे शून्य. कितीजण याच आशेने घेत असतील म्हणून जरा जास्त लिहिते. उंदीर लहान, त्याची उष्णता कमी, तो चालतो कडेने, पानांखालून, आणि घूस तर बिळातून थेट वाफ्यातच वर येते. फवारा सुटला तरी ती दोन मिनिटं बिळात बसते आणि परत येते. इथे उपाय एकच, जाळी, आणि तीही लोखंडी. प्लॅस्टिकची कुरतडतात. लहान उंदीर 6 ते 7 मिलीमीटरच्या फटीतून जातो, म्हणून भोकं 6 मिलीमीटरपेक्षा मोठी नकोत. कोंबड्यांसाठी मिळते ती षटकोनी जाळी उंदरांसाठी निरुपयोगी आहे, तिच्यातून ते आरामात आत येतात, वेल्ड केलेली चौकोनी बारीक जाळी मागा. कुंपणाला लावताना ती नुसती जमिनीवर टेकवायची नाही, खाली थोडी पुरून बाहेरच्या बाजूला इंग्रजी एल अक्षरासारखी वाकवायची, साधारण 30 सेंटिमीटर, म्हणजे उकरणारा प्राणी कुंपणापाशी खणायला लागला की जाळीच लागते आणि तो कंटाळून सोडून देतो. उंच वाफा असेल तर माती भरायच्या आधीच तळाला जाळी अंथरा, माती भरल्यावर हे काम करणं फार जिवावर येतं. आणि उंदरांसाठी बागेत विष ठेवू नका अशी अगदी हात जोडून विनंती. विष खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, तो सुस्त होऊन उघड्यावर फिरतो आणि त्याला घुबड किंवा मांजर खातं आणि ते विष त्यांच्या अंगात जातं. जे घुबड तुमचे उंदीर फुकट कमी करतं तेच आपण मारतो.

पक्ष्यांसाठी फळझाडावर जाळं टाकणाऱ्यांनाही एक सांगायचंय. मोठ्या भोकांचं सैल नायलॉनचं जाळं टाकू नका, त्यात पक्षी, वटवाघळं, साप अडकून तडफडून मरतात. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्यात तर सप्टेंबर 2021 पासून घरगुती फळझाडांवरच्या जाळ्याची भोकं ताणल्यावरही 5 मिलीमीटर बाय 5 मिलीमीटरपेक्षा मोठी चालत नाहीत असा नियम आहे. सोपी परीक्षा म्हणजे बोट घालून बघायचं, बोट आरपार गेलं तर जाळं नको. आणि झाडावर नुसतं फेकायचं नाही, सांगाडा करून ताणून बसवायचं.

तुलना म्हणून अल्ट्रासॉनिक, म्हणजे माणसाला ऐकू न येणारा वरच्या पट्टीचा आवाज सोडून प्राणी पळवणाऱ्या यंत्राबद्दल लिहायला हवं, कारण दुकानात दोन्ही शेजारी-शेजारी असतात आणि ते लावायला सोपं म्हणून लोक तेच उचलतात. नळी नको, पाणी नको, नुसतं खुपसलं की झालं. मीही याच वाफ्यात लावून बघितलं होतं. माणसाला साधारण 20 किलोहर्ट्झपर्यंत ऐकू येतं, कुत्र्याला 45 च्या आसपास, मांजराला 60 च्याही वर, तेव्हा प्राण्यांना तो आवाज येतो ही गोष्ट खरी आहे. पण तेवढ्या वरच्या पट्टीचा आवाज हवेत लवकर विरतो आणि पान, कुंडी, भिंत काहीही मध्ये आलं की अडतो, म्हणजे दाट बागेत तो पोचतच नाही. पोचला तरी आवाज त्रासदायक वाटणं वेगळं आणि त्यामुळे ती जागा सोडून जाणं वेगळं. माझ्याकडे पहिल्या आठवड्यात फरक वाटला, मग मांजर त्याच्यासमोर बसून निवांत अंग चाटताना दिसलं. निळ्या डोळ्यांच्या पांढऱ्या मांजरांमध्ये जन्मापासून बहिरेपण बऱ्यापैकी असतं, त्यांच्यावर तर हे चालायचा प्रश्नच नाही. आणि पक्षी पळवतं असं बॉक्सवर लिहिलेलं असेल तर ते सरळ सोडून द्या, बहुतेक पक्ष्यांना 10 किलोहर्ट्झच्या पुढचं जवळपास ऐकूच येत नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने 2001 मध्ये अशी यंत्रं बनवणाऱ्या आणि विकणाऱ्या 60 पेक्षा जास्त कंपन्यांना पत्रं पाठवून बजावलं होतं की दाव्यांना शास्त्रीय पुरावा असला पाहिजे. अजून एक, काही यंत्रांवर आवाजाची पट्टी खाली आणायचं बटण असतं, तो आवाज लहान मुलांना आणि तरुणांना ऐकू येतो आणि डोकं उठवतो, शेजारी बाळ असेल तर लक्षात ठेवा. माझ्याकडून याला 5 पैकी दीड.

घरगुती उपायांचं थोडक्यात. तिखटाचं पाणी खारी-उंदरांना झोंबतं पण पक्ष्यांना झोंबत नाही, त्यांच्या अंगात तिखटपणा ओळखणारी जी यंत्रणा आहे ती वेगळी आहे म्हणून पक्षी मिरच्या खुशाल खातात. आणि एक पाऊस आला की सगळं धुऊन जातं, परत मारा. संत्र्या-लिंबाच्या साली एक-दोन दिवस. डांबरगोळ्या मात्र बागेत कधीच टाकू नका, कोणीही सांगितलं तरी. नॅप्थॅलीन विषारी आहे, त्याच मातीत आपण भाजी लावतो, आणि पांढरी गोल गोळी बघून लहान मूल तोंडात घालू शकतं. त्यापेक्षा बी पेरलेल्या वाफ्यावर बारीक काटक्या जवळजवळ आडव्या-उभ्या रोवल्या आणि माती ओली ठेवली तर मांजर तिथे बसत नाही, त्याला फिरायला मोकळी जागा आणि कोरडी माती लागते. स्प्रिंकलर आणि काटक्या दोन्ही मिळून माझ्याकडे सगळ्यात छान चाललं. बागेच्या एका लांबच्या कोपऱ्यात कोरड्या वाळूचा छोटा ढीगही ठेवलाय, सेन्सरच्या बाहेर. तिकडे जातात ती, आणि मी ग्लोव्ह्ज घालून ते साफ करते, वाफ्यातून काढण्यापेक्षा हे खूप बरं.

तर मोकळी बाग, नळाला बरा दाब आणि त्रास मांजरं किंवा कुत्री यांचा असेल तर बिनधास्त घ्या. बाल्कनीतल्या कुंड्यांसाठी नको, पाणी खालच्या मजल्यावर जाईल आणि फवाऱ्याला जागाही नाही. घेताना डब्यात बघा की खुंटा धातूचा आहे का, प्लॅस्टिकचा असेल तर कडक जमिनीत ठोकून बसवू नका, पहारीने आधी भोक पाडा आणि मग आत सरकवा. बॅटरी साधी बदलता येणारी हवी, आतच बंद करून टाकलेली नको. आणि सुटा वॉशर, फिल्टरची जाळी आणि नळीचा जोड वेगळे मिळतात का ते ऑर्डर करायच्या आधी विचारून घ्या, कारण आधी बिघडतं ते हेच, सेन्सर माझा अजून पहिल्या दिवसासारखा चालतोय.